खानदान आणि रक्त

आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत रिश्त्याची बोलणी सुरू झाली की ‘रक्त’ हा शब्द हमखास निघतो. खानदान चांगले म्हणजे रक्त चांगले, असा आमचा सरळ हिशेब. मामाची, आत्याची किंवा चुलत्याची मुलगी सून म्हणून आणली की रक्त घरातल्या घरात राहिले, याचे आम्हाला समाधान वाटते. मात्र त्याच घरात एखाद्या मुलाला ब्लड कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया झाला की हिशेब उलटतो. रत्नागिरीतला मोहल्ला कोणताही असो, कुजबूज एकच : ‘त्यांच्या रक्तातच आहे!’ मग त्या मुलाच्या बहिणीचा रिश्ता अडतो. घरचे लोक आजार झाकू लागतात. मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेले तरी ‘पोटाच्या इलाजासाठी नेले आहे’ असे सांगितले जाते.

रक्तात वारशाने काहीच येत नाही, असे नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक निराळाच रक्तगट शोधला. त्याला पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव पडले. तांबड्या पेशींवरचा ‘एच’ नावाचा घटक तयार करणारे प्रथिन या लोकांत काम करीत नाही. हा वारसा आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याचा संभव वाढतो. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटते, पण या माणसांना ‘ओ’ रक्त चालत नाही, जीवावर बेतते. एरवी मात्र ती धडधाकट असतात. निराळेपण म्हणजे आजार नव्हे, हा या शोधाचा पहिला धडा.

थॅलेसेमियाची गोष्ट वेगळी. तिथे हिमोग्लोबिनमध्येच वारशाने दोष येतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक मूल आजारी होण्याचा धोका असतो. नात्यात लग्न करणाऱ्यांनी निकाहापूर्वी ही तपासणी करावी, हे आम्ही मनापासून म्हणतो. पण थॅलेसेमिया हा कॅन्सर नव्हे, आणि ल्युकेमिया त्याच्यासारखा पिढीजात उतरत नाही.

ल्युकेमिया बहुधा त्या एका माणसाच्या अस्थिमज्जेत, त्याच्याच हयातीत घडलेल्या बिघाडातून होतो. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना ल्युकेमियाच्या एका प्रकारात एक तोकडे गुणसूत्र दिसले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते तयार होते, हे नंतर कळले. ते आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. काही वारसे धोका वाढवतात, हेही खरे. रक्तपेशी घडवण्यात भाग घेणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांतले काही फरक मुलांच्या ल्युकेमियाशी जोडलेले असल्याचे २००९ साली दिसून आले. पण असे फरक असलेली बहुसंख्य मुले निरोगीच राहतात. पिढ्यान्‌पिढ्या ल्युकेमिया दिसणारी घराणी आहेत, पण फार थोडी.

मग वारसा पाहायचा कशासाठी? इलाजासाठी. मुलांच्या ल्युकेमियात मर्कॅप्टोप्युरिन हे औषध महिनोन्‌महिने देतात. ‘एनयूडीटी१५’ या प्रथिनातला वारशाचा फरक असला तर नेहमीचा डोसही मज्जेला झेपत नाही, आणि हा फरक युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतो. ‘जी६पीडी’ या प्रथिनाची कमतरता असलेल्या रोग्याला काही औषधे दिली तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डॉक्टर विचारतात, घरात कोणाला औषधाने कावीळ झाली होती का? आम्ही अब्रूपोटी ‘कोणालाच काही नाही’ म्हणून मोकळे होतो. त्याची किंमत त्या लेकराला मोजावी लागते.

अस्थिमज्जा बदलायची वेळ आली तर पेशींवरची ‘एचएलए’ प्रथिने जुळावी लागतात. तीही वारशानेच येतात. सख्ख्या भावंडाचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्ने झालेल्या घराण्यांत चुलत-मावस भावंडांतही जुळणारा सापडण्याची आशा वाढते. टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मज्जारोपण केले, तेव्हापासून आपल्या देशात ही वाट खुली आहे. आता निम्मे जुळणारे आईबापही दाते होऊ शकतात. ज्या रक्ताला आम्ही बोल लावतो, तेच रक्त मुलाला वाचवू शकते. पण आजारच झाकला तर भावंडांना तपासणीला नेणार कोण?

ज्या बहिणीचा रिश्ता आम्ही मोडतो, कदाचित तिचीच मज्जा भावाला जुळणारी असते. रक्त बघायचेच असेल तर ते प्रयोगशाळेत बघावे. मोहल्ल्याच्या ओट्यावर बसून नव्हे.