पर्समधली वीज

ठाणे पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात आपण अनेकदा पाहिला असेल. सण, मोर्चा, निवडणूक असे काही जवळ आले की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 अन्वये तो निघतो आणि ठाण्यापासून भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरपर्यंत लागू होतो. तलवारी, भाले, सुरे, बंदुका, सोटे, लाठ्या बाळगण्यास मनाई, अशी त्यात यादी असते; आणि अखेरीस शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशा इतर कोणत्याही वस्तूचा उल्लेख असतो. पूर्वी या अखेरच्या शब्दांवरून माझी नजर सहज पुढे सरकत असे. आता ती तेथेच थांबते. कारण तशी एक वस्तू आमच्याच घरात आली आहे.

माझी भाची ठाण्यात नोकरी करते आणि पाळीप्रमाणे कधी कधी रात्री अकराच्या सुमारास डोंबिवलीला उतरते. आमच्या वेळच्या बायकांनी पर्सला टोचलेल्या एका सेफ्टी पिनेच्या भरवशावर लोकलच्या गर्दीत उभा जन्म काढला. भाची म्हणाली, "मावशी, पिनेचे दिवस गेले," आणि तिने टॉर्चसारखे दिसणारे एक उपकरण मला दाखवले. बटण दाबताच त्याच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली. तिने ते घरबसल्या मागवले होते. विकणाऱ्याने तिला वय विचारले नव्हते, ओळखपत्र मागितले नव्हते. मोबाईलचे सिमकार्ड घेताना मात्र याच मुलीला ओळख पटवून द्यावी लागली होती.

तिची भीती मी खोटी म्हणणार नाही. 20 ऑक्टोबर 2011 रोजी अंधेरीच्या आंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवले म्हणून किनन आणि रूबेन या दोन तरुणांवर सुऱ्यांचे वार झाले आणि दोघेही प्राणांस मुकले. डिसेंबर 2012 मध्ये आमच्या डोंबिवलीतच, अशाच कारणावरून, 19 वर्षांच्या एका मुलाचा खून झाला. त्याच महिन्यात दिल्लीची ती घटना घडली. पुढल्याच महिन्यात मुंबईत एका राजकीय पक्षाने स्त्रियांना चक्क सुऱ्या वाटल्या. पाते आखूड आहे, तेव्हा परवान्याची चिंता नको, असा दिलासाही सोबत होता.

शस्त्र कोणते आणि घरगुती वस्तू कोणती, हे आपला कायदा बराचसा इंचांत मोजतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील 2016 च्या नियमांत 9 इंचांहून लांब वा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत गणली आहेत. घरकामाची व शेतीची अवजारे त्यांतून वगळली आहेत. तारेला बांधलेले काटे फेकून दुरून विजेचा धक्का देणाऱ्या 'टेझर'चाही याच नियमांनी परवान्याच्या चौकटीत समावेश केला आणि तारेची मर्यादा 15 फूट ठेवली. कायदा झोपलेला आहे असे म्हणता येणार नाही. पण तो कागदावर इंच मोजत असताना बाजार वेगळ्याच वाटेने जातो. जानेवारी 2019 मध्ये डोंबिवलीतील फॅशनच्या वस्तूंच्या एका दुकानातून कल्याण गुन्हे शाखेने सुमारे 170 शस्त्रे जप्त केली. तलवारी, चॉपर, सुरे आणि एअरगनसुद्धा. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुरे कुरियरच्या पार्सलांतून निघाले.

भाचीच्या हातातील उपकरण तर चिमुकले. त्यातील लहानशी बॅटरी विजेचा दाब प्रचंड वाढवते. प्रवाह मात्र अगदी थोडा असतो. त्याने वेदना होतात आणि स्नायू आखडतात. पण दोन्ही टोके अंगाला टेकवावी लागतात, म्हणजे हल्लेखोर हाताच्या अंतरावर आलेला असावा लागतो. आणि त्या अंतरावर बलवान हात ते उपकरण हिसकावूनही घेऊ शकतो. धक्का सर्वांना सारखाच सोसतो असेही नाही. 2007 साली कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर पोलंडहून आलेला एक प्रवासी दगावला, आणि तेथे तर प्रशिक्षित पोलीस होते. शिवाय भांडणात अशी वस्तू कोणीही उपसू शकतो. मे 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशाच एका भांडणात वापरलेल्या मिरीच्या फवाऱ्याला घातक शस्त्र म्हटले आणि जिवाला धोका नसताना स्वसंरक्षणाची सबब चालणार नाही असे मत नोंदवले. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क जरूर देतात. पण तो धोक्यापुरता आणि धोक्याच्या प्रमाणातच.

मग बंदी घालावी काय? ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकाला असे उपकरण बाळगताच येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातही बंदी होती. तेथे पूर्वीच्या जोडीदाराच्या मारहाणीला कंटाळलेल्या एका बेघर स्त्रीने ते जवळ ठेवले आणि ती गुन्हेगार ठरली. 2016 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला; 2018 मध्ये राज्याच्या न्यायालयाने सरसकट बंदीच मोडीत काढली आणि परवान्याची पद्धत आली. त्या स्त्रीची कहाणी वाचल्यावर बंदीची बाजू घेणे मला जड जाते.

मला खटकते ते ओझ्याचे वाटप. आज ते ओझे बाळगणाऱ्या मुलीवर आहे. मनाई आदेशाच्या काळात पर्स उघडली तर प्रश्न तिला विचारले जातील. टॉर्च म्हणून ती वस्तू विकणारा कोठेच दिसणार नाही. नियमन व्हावे ते विक्रीच्या जागी. विक्रेत्याची नोंद असावी, घेणाऱ्याचे वय आणि ओळख तपासली जावी, धोका कोणता आणि कायदा काय म्हणतो हे मराठीत छापलेले असावे, आणि शस्त्राला टॉर्चचे किंवा खेळण्याचे रूप देऊन विकण्यास मनाई असावी. ऑनलाइन दुकानालाही हीच शिस्त हवी.

आणि हे मागताना शासनाकडे दुसरे मागणेही मांडले पाहिजे. स्टेशनपासून घरापर्यंतचे दिवे लागलेले असावेत, रात्रीच्या महिला डब्यात पोलीस दिसावा, तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला चौकीत बसायला खुर्ची मिळावी. आपल्या कुटुंबांतही मुलीच्या वाढदिवसाला असे उपकरण भेट देण्याची कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. ते देण्यापूर्वी तिच्या रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल महापालिकेला एक अर्ज द्यावा, आणि खाली शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात.