खडखडाट

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की दंड बसायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात कानावर पडलेलं तेवढंच. हॉस्टेलला आलो त्या आठवड्यात एक जण म्हणाला, "खिशात ठणठणाट आहे यार, चहा तू पाज." मला वाटलं, याच्या खिशात भरपूर चिल्लर वाजतेय, मग मी का पाजू? सगळे जाम हसले! शेवटी एकानं समजावलं, रिकामा हंडा ठणठण वाजतो, भरलेला वाजत नाही. (व्हायब्रेशनच्या सरांनी हेच उदाहरण द्यायला हवं होतं.)

तसे आवाजाचे शब्द मराठीत ढीगभर. ढगांचा गडगडाट, पण विजेचा आणि टाळ्यांचा कडकडाट. रात्री अकराला आम्ही करतो तो कल्ला आणि रेक्टर सरांना ऐकू जातो तो गोंगाट.

खडखडाट मात्र माझा हक्काचा शब्द. आम्ही इचलकरंजीचे. तिथे पहिला यंत्रमाग 1904 साली आला. आमचे सहा माग घरामागच्याच शेडमध्ये. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे आपटतो. आई जेवायला हातवारे करूनच बोलावते. त्या आवाजात मी अभ्यास केला, गाढ झोपलो. आवाज थांबला की जाग यायची, म्हणजे लाईट गेली!

गेल्या सेमिस्टरला पप्पांना फोन केला. "कसं चाललंय?"

"खडखडाट आहे बघ सगळा."

म्हटलं, चला, माग जोरात आहेत. लगेच इंडस्ट्रियल व्हिजिटचे साडेचार हजार मागून टाकले. पप्पा जरा थांबले. मग म्हणाले, "परवापर्यंत पाठवतो." पाठवलेही.

दिवाळीला रात्री घरी पोचलो. रिक्षातून उतरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच नव्हता. मजुरीचे दर पडलेले, बीम मिळत नव्हते. चार माग दोन महिने बंद, उरलेले दोन फक्त दिवसपाळीला. माझे साडेचार हजार काकांकडून उसने आणले होते, हे आईनं सांगितलं.

"पप्पा, फोनवर सांगायचं तरी तुम्ही."

"सांगितलं की. सगळा खडखडाट आहे म्हटलो नव्हतो व्हय?"

म्हणजे हा ठणठणाटाचा सख्खा भाऊ निघाला.

सकाळी दोन माग सुरू झाले. मी शेडमध्ये गेलो. पप्पांनी बघितलं आणि कांड्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. मी धोट्यात कांडी घालून देत राहिलो. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, तेच बरं होतं.