डॉक्टरांनी सांगितलेले ११ महिने

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या वस्तीतील एक मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे आता दोन लेकरांची आई आहे, पण मी तिला शाळेत शिकवले असल्यामुळे माझ्या तोंडी मुलगी असेच येते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आईची फाईल होती. खड्यांमुळे आईचे पित्ताशय काढले होते. काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल तीन आठवड्यांनी घरी आणला, तर त्यात कर्करोग लिहिलेला. तिने फाईल उघडलीच नाही. चटईवर बसता बसता तिने विचारले, "बाई, काकांना डॉक्टरांनी किती महिने दिले होते?"

किती महिने दिले होते! जसे काही महिने डॉक्टरांच्या कपाटात असतात आणि ते कुणाला जास्त, कुणाला कमी मोजून देतात. पण मी तिला हसू शकले नाही. २०१८ साली मीही हेच विचारले होते, आणि तेही डॉक्टरांना नव्हे, माझ्या मुलाला. त्या एका आकड्याने आमच्या घरात काय काय केले, ते आज लिहावे असे वाटले.

आमचे मिस्टर एस.टी.त कंडक्टर होते. अकोला-अमरावती मार्गावर त्यांची बरीच नोकरी गेली. निवृत्तीनंतर जुलै २०१८ मध्ये त्यांचे डोळे पिवळे झाले. दुखणे नाही, ताप नाही, फक्त अंगाला खाज सुटायची आणि शौचाचा रंग पांढुरका झालेला. दुखत नाही म्हणजे साधी कावीळ, असे सगळे म्हणाले. काविळीची माळ घातली, झाडपाला झाला. तीन आठवडे त्यात गेले. वर्गात ज्या गोष्टींविरुद्ध मी आयुष्यभर बोलले, ती माळ त्यांच्या गळ्यात मीच बांधली होती, हे लिहिताना आजही लाज वाटते. न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ ही उलट जास्त काळजीची, हे मला फार उशिरा कळले.

सोनोग्राफीत यकृताच्या आतल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या. आम्ही नागपूरला गेलो. यकृताच्या उजव्या आणि डाव्या बाजूची पित्तनलिका जिथे एकत्र येते, नेमकी तिथे गाठ होती. गेराल्ड क्लॅटस्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली अशा १३ रुग्णांची माहिती लिहिली, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. गाठ लहान असते, पण जागा फार वाईट. यांच्या गाठीने शेजारच्या रक्तवाहिन्यांना वेढा घातला होता, त्यामुळे शस्त्रक्रिया शक्य नव्हती. फासळ्यांमधून सुई घालून यकृतात नळी बसवली आणि साठलेले पित्त बाहेर पिशवीत उतरवले.

डॉक्टर मुलाला व्हरांड्यात घेऊन बोलले. मी दहा पावलांवर बाकावर बसून होते. मुलाने रात्री काकांना फोन केला तेव्हा मी ऐकले, "डॉक्टर म्हणाले, ११ महिने आहेत." दुसऱ्या दिवशी माझे भासरे आले आणि मला धीर देत म्हणाले, "फार तं ११ महिने, बाई." पुढे पुष्कळ दिवसांनी मुलाला खोदून विचारले तेव्हा कळले, की डॉक्टरांनी 'मीडियन' असा शब्द वापरला होता. औषधे घेतलेल्यांचा मीडियन साधारण ११ महिने. मुलाच्या तोंडी त्याचे 'आहेत' झाले आणि भासऱ्यांच्या तोंडी 'फार तर'. एका रात्रीत आकडा तोच राहिला आणि अर्थ पार उलटा झाला.

मीडियन म्हणजे मध्यक. दहावीच्या वर्गाला सांख्यिकीचे प्रकरण मी वीसपेक्षा जास्त वर्षे शिकवले आहे. चढत्या क्रमाने संख्या मांडा, मधली घ्या, तो मध्यक. निम्म्या संख्या त्याच्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. फळ्यावर हे इतक्यांदा लिहूनही, स्वतःच्या घरात तो शब्द आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

त्यांना काहीच सांगायचे नाही असे घरात ठरले. ठरवणारे आम्ही सगळे, ज्याचे शरीर तो मात्र त्यात नाही. धाकटीचे लग्न मे २०१९ मध्ये करायचे ठरलेले होते. ११ महिने म्हणजे जून. मे फार जवळ येतो, त्याआधीच काही झाले तर? म्हणून लग्न डिसेंबरवर आणले. मुलाकडच्यांना घाई आहे अशी थाप यांना मारली. धाकटी तेव्हा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सासर नाशिकला. तिचे पाठ राहिले, परीक्षाही राहिली. "पुढच्या वर्षी देईन, आई," एवढेच ती म्हणाली.

लग्नाला हे दोन तास खुर्चीवर बसले. पित्ताची पिशवी कोटाच्या आत होती. फोटोंत कुठेही दिसत नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट राहिली. सप्टेंबरमध्ये सलाईनमधून औषधे सुरू झाली, जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन. २१ दिवसांचा फेरा, त्यात पहिल्या आणि आठव्या दिवशी. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारले, "दिवसातला किती वेळ आडवे असतात?" मला वाटले, सहज विचारपूस आहे. मी म्हणाले, "नाही हो, दिवसभर हिंडतात, फिरतात." यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "खोटं काहून बोलतं वं? दुपारी जेवून जो निजतो, तो दिवे लागलोक उठत नाही." नंतर मला समजले की ती विचारपूस नव्हती. माणूस जागेपणीच्या वेळातला अर्ध्याहून अधिक वेळ उठून-बसून आहे की अंथरुणाला आहे, यावर डॉक्टर ० ते ५ असा अंक देतात. औषध किती सोसेल आणि पुढे काय होईल, हे ठरवताना तो साधा अंक भारी यंत्रांच्या तपासणीइतकाच मोलाचा धरतात. माझ्या त्या खोट्याने त्यांना नको तेवढे औषध गेले असते.

तसेच रक्ताच्या त्या सी.ए. १९-९ तपासणीचे. पहिला अहवाल हजारावर आला आणि घरात रडारड झाली. नळी बसवून कावीळ उतरली, तर कर्करोगाचे एकही औषध न देता तो आकडा निम्म्याहून खाली आला आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले. दोन्ही वेळा आम्ही चुकलो होतो. पित्त तुंबले की हा आकडा नुसत्या काविळीनेही चढतो. काही माणसांच्या रक्तात तर तो तयारच होत नाही, कितीही रोग असला तरी. म्हणून कावीळ उतरल्यावर जो आकडा येतो, तिथून पुढची वाटचाल पाहायची.

लग्नाची माणसे पांगल्यावर तिसऱ्या रात्री हे म्हणाले, "मले कुठलोकचं तिकीट काढलं, थे तरी सांग."

मी गप्प. ते म्हणाले, "तीस वर्षं लोकायचे तिकीटं फाडले. सीटवर बसलेल्या माणसाले आपलं गाव माहीत नाही आन् बाकी समद्या गाडीले माहीत, असं कधी पाह्यलं नाही म्या."

मी सांगितले. डॉक्टरांचा मूळ शब्दच सांगितला, मध्यक. म्हणजे काय, ते विचारू लागले. मी फळ्यावरच्यासारखी समजावू लागले, तर ते मध्येच म्हणाले, "थांब. अकोल्याहून ४४ माणसं बसली. मूर्तिजापूरलोक २२ उतरली. हाच तुह्या मध्यक ना? मंग उरलेली २२ कुठं जातात, थे तुह्या आकड्यात कुठं हाय? कोनी बडनेऱ्याले उतरते, कोनी अमरावतीले. आन् म्या मूर्तिजापूरले उतरलो नाही, तं माह्या हिशेब नव्यानं मांडा लागते."

वाचक बंधू-भगिनींनो, पुढे मी यावर जे वाचले त्याचे सार या बोलण्यात आले होते. ज्याच्यावरून ते ११ महिने आले तो अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ४१० रुग्ण होते. एकच औषध घेणाऱ्यांचा मध्यक ८.१ महिने, दोन्ही घेणाऱ्यांचा ११.७. पण त्या ४१० जणांत पित्ताशयाचे रुग्ण होते, यकृताच्या आतल्या नलिकेचे होते, बाहेरच्या नलिकेचे होते, आणि नलिका आतड्यात जिथे उघडते त्या तोंडाचेही होते. हे सगळे शेजारी-शेजारी असले तरी स्वभावाने वेगळे. तोंडाशी झालेली गाठ कावीळ लवकर दाखवते, म्हणून लवकर सापडते आणि तिचे निभावणे तुलनेने बरे असते. एवढ्या सगळ्या वेगळ्या लोकांचा एक मध्यक, आणि तो आम्ही एका माणसाच्या गळ्यात बांधला होता. काविळीच्या माळेसारखाच.

मध्यक काय लपवतो याचे याहून चांगले उदाहरण २०२२ साली आले. त्याच दोन औषधांना डुर्व्हालुमॅब नावाचे तिसरे, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध जोडून पाहिले गेले. मध्यक ११.५ महिन्यांवरून १२.८ वर गेला. सव्वा महिना! एवढ्यासाठी एवढा खर्च, असे कुणीही म्हणेल. पण दोन वर्षांनी किती जण हयात होते ते पाहिले, तर जुन्या औषधांवर १०० पैकी सुमारे १० आणि नव्या जोडीवर सुमारे २५. गाडीतली निम्मी माणसे जवळपास त्याच थांब्यावर उतरली, पण अमरावतीपर्यंत जाणारी दुपटीहून अधिक झाली. आमच्या वेळी हे औषध नव्हते, आणि आजही ते आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडणारे नाही, तेही खरे.

स्टीफन जे गूल्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८२ साली पोटाच्या आवरणाचा कर्करोग झाला. मध्यक ८ महिने. तो आकड्यांतला जाणकार असल्यामुळे त्याने मध्यकाच्या पलीकडची लांब शेपटी पाहिली आणि त्यावर १९८५ साली लेख लिहिला. तो २००२ पर्यंत जगला आणि गेला तो वेगळ्याच कर्करोगाने. हे माझ्या मुलाने मला सांगितले. मी यांना सांगितले, तर म्हणाले, "त्यो गेला अमरावतीच्याबी पुढं. समदेच नाही जात." त्यांना खोटी आशा नको होती. त्यांना फक्त आपला हिशेब आपल्या हातात हवा होता.

त्यानंतर त्यांनी काय केले? घराच्या कागदावर माझे नाव चढवले. बँकेचे व्यवहार मला दाखवले, मी गणिताची शिक्षिका असून ए.टी.एम.ला घाबरायचे. भावाशी शेताच्या बांधावरून बारा वर्षे अबोला होता, तो मोडला. हे सगळे पाच महिने आधी करता आले असते, त्यांच्या अंगात जास्त ताकद होती तेव्हा.

मार्च २०१९ मध्ये औषधे संपली. मे महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात लग्न ठरले होते त्याच महिन्यात, हे एका सकाळी कुणाला न सांगता बाजारात गेले आणि पाच किलो आंबे उचलून आणले. घामाघूम होऊन ओट्यावर बसले. मी त्या आंब्यांकडे पाहत राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर धाकटीची बी.एड.ची पुस्तके आली. तिने ती परीक्षा २०२२ साली दिली, कडेवर मूल घेऊन. तिने एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

ऑक्टोबरात आतला स्टेंट बुजला आणि थंडी वाजून ताप आला. असा ताप आला की सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते, हे मी अशा प्रत्येक घराला सांगते. या रोगात कितीतरी माणसे गाठीपेक्षा नळीतल्या संसर्गाने जातात, आणि तो वेळीच ओळखला तर दिवस वाढतात. त्या वेळी आम्ही रात्रीच निघालो, म्हणून वाचले. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा तसेच झाले, तेव्हा नाही वाचले. कावीळ दिसल्यापासून १९ महिने झाले होते.

त्या मुलीच्या आईची फाईल मग मी उघडली. तिची गोष्ट यांच्याहून वेगळी आहे. पित्ताशय काढताना अचानक सापडलेला रोग भिंतीच्या अगदी आतल्या थरापुरता असेल, तर झालेली शस्त्रक्रियाच बहुधा पुरेशी होते. त्याच्या खोल गेला असेल, तर लवकर दुसरी शस्त्रक्रिया करून यकृताचा थोडा भाग आणि जवळच्या गाठी काढाव्या लागतात. म्हणून किती महिने, हे विचारण्याआधी किती खोल, कडा मोकळ्या आहेत का, गाठींत गेला का, हे विचारायचे. अहवालात यातले काही लिहिलेले होते, काही नव्हते. जे नव्हते ते तिच्या वहीत मी प्रश्न म्हणून लिहून दिले. आणि खाली लिहिले : मध्यक सांगितला, तर विचारणे, कोणत्या रुग्णांचा? १०० पैकी दोन वर्षांनी किती? पाच वर्षांनी किती?

(खड्यांसाठी पित्ताशय काढलेल्या माझ्या सगळ्या भगिनींना विनंती, तो अहवाल आणायला विसरू नका. पिशवी तपासायला पाठवली का, हेही विचारा.)

वही मिटताना ती म्हणाली, "बाई, मग आईला सांगू का?"

मी म्हणाले, "आईला विचार, तिला किती ऐकायचं आहे ते. आज कुठे आहे ती?"

"घरी. भाकरी करते आहे."

गुरुवारी त्यांची तारीख आहे. मी सोबत जाणार आहे. डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत आई बसेल, आम्ही दोघी मागे उभ्या राहू.