संशयाचा सद्भाव

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना संशय घ्यायला शिकवतो. निवेदक सांगतो ते सगळे खरे मानू नका, त्याने काय गाळले ते पाहा, त्याचा हितसंबंध कुठे गुंतला आहे ते विचारा. पॉल रिकरने १९६५ साली फ्रॉइडवरच्या आपल्या ग्रंथात मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाचे आचार्य ठरवले. त्या विचाराचा पगडा आपल्या अध्यापनावर अजूनही आहे. संहितेवर घेतलेला संशय चुकला तर फार तर एक शोधनिबंध फसतो. संहितेला शेजारी नसतात आणि तिला घरही चालवायचे नसते. हाच संशय ओळखीच्या माणसावर, तोही पैशाच्या व्यवहारात घेण्याची वेळ आली म्हणजे काय करावे, याचा धडा मात्र आपल्या अभ्यासक्रमात नाही.

काही वर्षांपूर्वी ही वेळ माझ्यावर आली. आमच्या इमारतीत एक वयस्कर गृहस्थ राहतात; सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एका आठवड्यात गुरुवार ते शनिवार ते रुग्णालयात होते आणि त्या खर्चाचा आरोग्य विम्याचा दावा मंजूर झाला, असे कानावर आले. माझी अडचण अशी की त्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना आमच्या जिन्यात पाहिले होते. हातात भाजीची पिशवी होती. कुजबूज सुरू झालीच होती. कोणी म्हणे, डॉक्टर त्यांच्या नात्यातला आहे. कोणी म्हणे, मागच्या वर्षीही असेच झाले होते. सोसायटीच्या सभेनंतर एकाने मला गाठले : “सर, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय. मग बोला की!”

त्या रात्री मी एका कागदावर दोन रकाने आखले : ‘पाहिलेले’ आणि ‘ऐकलेले’. पहिल्या रकान्यात एकच ओळ आली : शुक्रवार, संध्याकाळचे सात, जिना, पिशवी. बाकी सारे दुसऱ्या रकान्यात गेले. रुग्णालयातले वास्तव्यही तिथेच गेले, आणि दाव्याची मंजुरीही.

विमा ज्या तत्त्वावर उभा आहे त्याला ‘परम सद्भाव’ म्हणतात. त्याची मांडणी लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या खटल्यात केली. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरोच्या गव्हर्नराने, किल्ला युरोपीय शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीचा विमा उतरवला होता. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला किती दुबळा आहे हे गव्हर्नराने लपवले, असा विमा घेणाऱ्याचा आक्षेप होता. ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट दडवू नये, हे बंधन मॅन्सफिल्ड यांनी दोन्ही पक्षांवर घातले. आणि निकाल मात्र ज्याच्यावर संशय होता त्या गव्हर्नराच्या बाजूने दिला. जोखीम पत्करणाऱ्याला विचारता येत होते. तेव्हा न विचारता हप्ता घ्यायचा आणि नुकसान झाल्यावर शंका काढायची, हे त्यांना सद्भावाचे वाटले नाही. आपल्याकडे १९३८च्या विमा अधिनियमाच्या कलम ४५नुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, त्यामागेही संशयाला मुदत असावी हाच विचार दिसतो.

याचा अर्थ डोळेझाक करावी असा नव्हे. खोटा दावा शेवटी इतरांच्या हप्त्यातून फेडला जातो. उत्तर प्रदेशात मोटार अपघातांच्या बनावट दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५च्या आदेशानुसार विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि त्या प्रकरणांत वकिलांचीही नावे पुढे आली. असल्या संघटित उद्योगात संशयिताला सावध करणे म्हणजे पुरावा बुडवणे.

तरीही एक पेच उरतो. बिली वाइल्डरचा १९४४चा ‘डबल इन्डेम्निटी’ हा चित्रपट आठवा. जेम्स केनच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यातला कीज हा विमा कंपनीचा दावे तपासणारा अधिकारी. अपघात दाखवलेला मृत्यू हा खून आहे, हे तो बिनचूक ओळखतो. पत्नीचा साथीदार म्हणून मात्र भलत्याच तरुणावर बोट ठेवतो. खरा साथीदार त्याच्याच कचेरीतला, त्याच्या मर्जीतला माणूस असतो. घटनेविषयी खरा असलेला संशय माणसाविषयी खोटा ठरू शकतो. आपल्या विमा नियामक प्राधिकरणानेही २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत पॉलिसीधारकाच्या फसवणुकीबरोबरच मध्यस्थाची आणि कंपनीतल्या माणसांची फसवणूक वेगळी मोजली आहे. समजा, बिल खोटे होते. तरी ते कोणी केले, हे माझ्या जिन्यातून दिसत नव्हते.

कायद्याने यातून एक वाट ठेवली आहे. बदनामीचे कलम (भारतीय न्याय संहितेत ३५६, १ जुलै २०२४पूर्वी दंड संहितेत ४९९) असे मानते, की त्या बाबतीत कायदेशीर अधिकार असलेल्याकडे सद्भावाने केलेला आरोप ही बदनामी नव्हे. आणि योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेल्या कृतीला कायदा सद्भावाची म्हणत नाही. म्हणजे संशय कोणापुढे बोलावा आणि किती पारखून बोलावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे आहेत. जिना आणि सोसायटीची सभा ही ती जागा नव्हे.

मी आधी अण्णांकडे गेलो. ही टोळी नव्हती, शेजार होता. म्हणालो, “अण्णा, शुक्रवारी संध्याकाळी मी तुम्हाला जिन्यात पाहिलं. लोक बोलताहेत. माझ्याकडून एवढीच गोष्ट कंपनीला कळवणार आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर ऐकायला आलोय.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बोलले सगळेच, सर. विचारायला तुम्ही एकटे आलात.” माझ्या शंकेचे उत्तर त्यांनी दिले नाही. मी ती एक ओळ, स्वतःच्या नावानिशी आणि सहीनिशी, कंपनीला पाठवली. दुसऱ्या रकान्यातले अक्षरही लिहिले नाही. पोच आली, पुढे काय झाले ते मला कळले नाही. जिन्यात भेटल्यावर अण्णा आता मान हलवतात, थांबत नाहीत. ती किंमत मला मान्य आहे.

विमा उतरवणाऱ्याकडून आपण परम सद्भावाची अपेक्षा करतो. त्याच्यावर संशय घेणाऱ्याकडूनही निदान तेवढीच करायला हवी. जे पाहिले तेवढेच सांगायचे, जिथे तपास होऊ शकतो तिथेच सांगायचे, खाली आपले नाव लिहायचे आणि निकालाचा हक्क सोडून द्यायचा. संहितेच्या वाचनात शेवटचा अर्थ लावण्याचा मोह आपल्याला आवरत नाही. माणसाच्या बाबतीत तो अर्थ दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवता येणे, हीही वाचनाचीच एक शिस्त आहे.