तगरीवरचे पाहुणे

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या परिसरात आमची जुनी इमारत आहे. वालधुनीच्या काठचे हे काळ्या दगडाचे देऊळ शिलाहारांच्या काळातले, इ.स. १०६० चे. श्रावणी सोमवारी रस्ता माणसांनी भरून जातो. आमच्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी अंगणातल्या तगरीची पांढरी फुले खुडून देवळात नेतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलीला त्या तगरीच्या पानांवर हिरवट, बारीक, गुळगुळीत दाणे दिसले. एका पानावर एकच. ही कण्हेरी पतंगाची अंडी. पतंग म्हणजे उर्दू शायरीतला परवाना. तगर, कण्हेर, सदाफुली ही त्याच्या अळीची खाद्यझाडे.

तेव्हापासून आम्ही घरातली अंडीही ओळखू लागलो. दिव्याला भुलून आलेली मादी भिंतीवर किंवा पडद्यावर पुंजक्याने अंडी घालते. तिथल्या अळ्यांना खायला पाने नसतात, त्या जगत नाहीत. अंडी ओळीत, झाकण लावलेल्या डब्यांसारखी दिसली तर ती बहुधा ढेकण्याची. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सुटा पिवळसर दाणा दिसला तर तो बहुधा फुलपाखराचा. रव्यात, तांदळात जाळी धरली तर तेही पतंगाच्याच अळीचे काम, पण त्याची अंडी सहसा नजरेला पडत नाहीत.

चार-पाच दिवसांत अळ्या निघाल्या. शेपटीला काळे लांब शिंग. हळूहळू त्या बोटाएवढ्या झाल्या, मानेजवळ निळे डोळे उमटले, आणि तगर बोडकी दिसू लागली. काकूंनी फवारणीचे औषध आणले. झाड त्यांचे, फुले पूजेची. आम्ही कोणत्या तोंडाने अडवणार? मुलगी मात्र रडकुंडीला आली.

शेवटी अम्मीच काकूंच्या दारात गेल्या. "काकू, फुलांच्या फांद्या आम्ही मोकळ्या करून देतो. औषध तेवढे थांबवा."

काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी मला फुले मिळाली पाहिजेत, भाभी."

त्या संध्याकाळी आम्ही एकेक अळी पानासकट काढून मागच्या कण्हेरीवर ठेवली. कण्हेर आणि तिचा चीक विषारी, म्हणून मुलांचे हात साबणाने दोनदा धुतले. पुढे अळ्या तपकिरी पडल्या आणि पाचोळ्यात शिरून दिसेनाशा झाल्या. मुलीने तिथे झाडू मारू दिला नाही.

काही आठवड्यांनी मगरिबच्या सुमारास काकूंनीच हाक मारली. सदाफुलीवर एक हिरवा, नक्षीदार पतंग हवेतच थांबून रस पीत होता. तो आमच्याच अळ्यांपैकी होता का, कोण सांगणार? काकू हळूच म्हणाल्या, "दिवा लावू नका ग, भुलेल तो."

अंगणात आम्ही सगळे अंधारातच उभे राहिलो.