नाटक पाहायला दादरला, पण मुक्काम कुठे?

शहागडला रेल्वे नाही. गोदावरीच्या पुलावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग हीच आमची बाहेरच्या जगाची वाट. मुंबईला जायचे तर एस.टी.ने जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे आणि तेथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरायची. सकाळी दादरला उतरले की चैत्यभूमी, राजगृह आणि जमले तर एखादे नाटक, असा बेत आमच्याकडची ओळखीची काही कुटुंबे आता करू लागली आहेत.

नाटकाची ही गोडी लागायला आमच्याच जिल्ह्याचा हातभार आहे. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक रंगभूमीवर आले. कल्पना व गाणी शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचे आणि लेखन राजकुमार तांगडे यांचे. तांगडे हे घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे, म्हणजे आमच्या अंबड तालुक्याचे शेजारीच. त्यातले बरेच कलावंतही जालना जिल्ह्यातले, शेतीभातीतले. आपल्या बोलीत बोलणारी माणसे मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा नाट्यगृह ही काही परक्यांची जागा नाही हे घरातल्या बायाबापड्यांनाही पटले.

मुंबईत नाटकासाठी दादर सोयीचे. प्लाझा सिनेमासमोरचे शिवाजी मंदिर १९६५ पासून आहे. प्रायोगिक नाटकांनी १९७४ पासून पुढे कित्येक वर्षे गाजवलेली छबिलदास शाळा त्याच परिसरात. प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर आणि माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिरही टॅक्सीने जवळ. परळचे कामगारांचे दामोदर नाट्यगृह मात्र पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद झाले.

तिकीट काढणे सोपे असते. अवघड असते ते रात्रीच्या मुक्कामाचे. रात्रीचा प्रयोग आठ-साडेआठला सुरू होतो आणि सुटायला अकरा-साडेअकरा होतात. बरोबर म्हातारी माणसे, लेकीबाळी. नातेवाइकांची खोली दहा बाय बाराची, त्यात तेच सहाजण. अशा वेळी लॉज पाहावाच लागतो. तो कसा पाहावा, हे दोन-तीन खेपांत आम्हाला जे कळले ते येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट आवाजाची. आम्ही महामार्गावरच्या गावची माणसे, ट्रकच्या घरघरीत झोपणारी. पण दादरचा आवाज निराळा. स्टेशनच्या पश्चिमेला पहाट व्हायच्या आधीच फुलबाजार जागा होतो. हमालांच्या हाका, टेम्पो, हातगाड्या सुरू होतात. दिवसभर फेरीवाले, आणि केळकर रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत बस-टॅक्सी. म्हणून स्टेशनला अगदी खेटून असलेला लॉज स्वस्त पडला तरी झोप मिळत नाही. शिवाजी पार्कच्या बाजूला, आतल्या गल्लीत शोधले तर बरे. तेथून शिवाजी मंदिरही पायी होते आणि चैत्यभूमीही. पूर्वेला हिंदू कॉलनीतल्या झाडीच्या गल्ल्या शांत आहेत, पण नाटक सुटल्यावर टिळक पुलावरून पलीकडे जायला टॅक्सीचे पैसे धरून चालावे.

खोली मागच्या बाजूची मागावी आणि पैसे देण्याआधी डोळ्यांनी पाहावी. फोनवर सगळेच ‘एकदम शांत खोली आहे’ म्हणतात. शेजारी लिफ्टचे यंत्र किंवा पाण्याचा पंप आहे का, खाली परमिट रूम आहे का, हे गेल्याशिवाय कळत नाही. भिंतीवर बोटाने ठोकून पाहा. प्लायवूडची असेल तर शेजारच्याचा टी.व्ही. आणि नवराबायकोचे भांडण दोन्ही फुकट ऐकायला मिळते. खिडकीच नसलेली खोली एसी आहे म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नये. आग लागली, धूर झाला तर श्वास घ्यायला तरी जागा हवी. त्यासाठीच जिना किती रुंद आहे, दुसरा जिना आहे का आणि त्यावर गाद्यांचे ढीग रचलेत का, हेही पाहून घ्यावे.

सुरक्षिततेचे म्हणाल तर दाराला आतून धड कडी हवी, संडास-न्हाणी खोलीतच हवी, व्हरांड्यात दिवा हवा. तासाच्या हिशेबाने खोल्या देणारा लॉज कुटुंबाचा नव्हे. अर्धा तास समोरच्या चहाच्या टपरीवर बसले तर येणाऱ्या-जाणाऱ्यांवरून ते ओळखू येते. बाहेरगावची कुटुंबे, दवाखान्याच्या कामाला आलेली माणसे, लहान मुले दिसली की जागा बरी समजावी. आणि नाटकाला जाणाऱ्याने एक प्रश्न विसरू नये: रात्री तुमचे शटर किती वाजता खाली येते? काही लॉजवाले अकराला शटर ओढतात आणि नोकर आत झोपतो. साडेअकराला बायकामुले घेऊन शटर वाजवत उभे राहण्याची पाळी कोणावर येऊ नये.

आता वहीचा विषय. लॉजच्या वहीत नाव, गाव, कामाचे कारण लिहावे लागते, ओळखपत्र दाखवावे लागते. यात वावगे काही नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढता येते, ती द्यावी. पण या वहीपाशीच आपल्या माणसांचा हात अडखळतो. आमच्या आधीच्या पिढीतले काहीजण परगावी आडनाव गाळून नुसते वडिलांचे नाव लिहीत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. १९१७ साली खुद्द बाबासाहेबांना बडोद्यात पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले होते. परदेशात शिकून आलेला, बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला तो विद्वान, वरच्या मजल्यावर एकटा, अंधारात रात्री काढत होता. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात पंधरावे कलम आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत कोणालाही धर्म, जात, लिंग यांवरून अडवता येणार नाही, असे ते सांगते. आम्ही ते वाचले तेव्हा नवल वाटले ते याचे की हॉटेल आणि नाट्यगृह दोन्ही एकाच ओळीत आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणी अडवले तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानेही तो गुन्हा आहे.

तरी अनुभव येतो. मागच्या खेपेला आम्ही पाचजण होतो, त्यात आई आणि आत्या. एका लॉजवर मॅनेजरने भाडे सांगितले, खोली दाखवली, मागची, छान हवेशीर. मग आधारवरचे आडनाव वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाला, “ही खोली बुक आहे, माझ्या लक्षात नव्हतं.” किल्ली त्याच्या मागे खिळ्याला तशीच लटकत होती. हे त्याने कशामुळे केले ते आम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि म्हणूनच असे वागणे कायद्याच्या हाती सहसा लागत नाही. आत्या बाहेर येऊन म्हणाली, “नाटकाच्या तिकिटाला कोणी आडनाव इचारलं न्हाई, मग निजायलाच काहून इचारतेत?” आई काही बोलली नाही. पिशवी उचलून पुढे चालू लागली.

दोन गल्ल्या सोडून दुसरा लॉज मिळाला. तेथे आईने स्वतः पेन मागून घेतले आणि वहीत पूर्ण नाव लिहिले. ती साक्षरता वर्गात अक्षरे शिकलेली, त्यामुळे वेळ लागला. मागे दोन गिऱ्हाइके खोळंबली होती. म्हाताऱ्या मॅनेजरने त्यांना हाताने थांबा म्हणून खुणावले, गरम पाणी सहा ते नऊ येते असे आईला सांगितले आणि तीन गाद्या वर पाठवल्या.

भाड्याचे बोलताना ते खोलीचे की माणशी, जादा गादीचे किती आणि कर धरून किती, एवढे पक्के करून घ्यावे. सकाळी उतरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी चोवीस तासांचा हिशेब असलेला लॉज परवडतो. दुपारी बाराचा हिशेब असेल तर एका रात्रीसाठी दोन दिवसांचे भाडे बसू शकते. ६ डिसेंबरच्या आगेमागे मात्र नाटकाचा बेत ठेवूच नये. त्या दिवसांत दादर अभिवादनाला आलेल्या लोकांचे असते आणि खोली मिळणे कठीण. ज्यांना मुक्कामच टाळायचा आहे त्यांनी दुपारच्या प्रयोगाची तिकिटे काढावीत. सामान लॉजवर किंवा ओळखीच्या घरी ठेवावे, सातच्या सुमारास नाटक सुटले की पोटाला काहीतरी घालून दादरहूनच रात्रीची गाडी धरावी. आत्याला तोच बेत आवडला आहे. पुढच्या खेपेला ती दुपारचाच प्रयोग पाहणार म्हणते, आई मात्र रात्रीचाच.