भिंतीवरील अक्षर

मोकळी भिंत समोर दिसली आणि हाती अणकुचीदार खडा असला, म्हणजे तीवर आपले नाव लिहिण्याचा मोह मनुष्याला सहसा आवरत नाही. ही खोड आजकालची नव्हे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग ज्याने दान दिला, त्या वासिठीपुत कटहादीचे नाव तेथे ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे, आणि त्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्याच लेण्यात २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिरला. तेथील प्राचीन चित्रावर त्यानेही आपले नाव व तारीख खरडून ठेवली. एकाने भिंत देऊन नाव लिहिले, दुसऱ्याने भिंत बिघडवून लिहिले. पाहणाऱ्यास मात्र दोघांचीही नावे आजवर वाचावयास मिळतात. अशा खरडलेल्या अक्षरांना ‘ग्राफिटी’ म्हणतात. तो शब्द ओरखडा या अर्थाच्या इटालियन शब्दापासून आला आहे.

परंतु ज्या नखरेल अक्षरलेखनास हल्ली हे नाव विशेषेकरून दिले जाते, त्याचा जन्म अमेरिकेतला आणि अवघ्या साठ वर्षांच्या आतबाहेरचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फिया शहरात डॅरिल मक्रे या तरुणाने ‘कॉर्नब्रेड’ या टोपणनावाने भिंती भरवून टाकल्या. न्यूयॉर्कात निरोप्याचे काम करणाऱ्या दुसऱ्या एका तरुणाने आपल्या रस्त्याचा क्रमांक जोडून ‘टाकी १८३’ ही सही शहरभर केली. २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्याविषयी लेख छापला, आणि अनुकरण करणाऱ्यांचे पेव फुटले. भिंतींवर आणि आगगाड्यांच्या डब्यांवर सह्यांची इतकी दाटी झाली की, आपली सही त्यांतून उठून कशी दिसावी, हाच प्रश्न पडला. मग अक्षरे फुग्यासारखी फुगली, एकमेकांच्या अंगावर रेलली, त्यांना बाण फुटले, सावल्या पडल्या. तात्पर्य, ही अक्षरे वाकली ती गर्दीत ओळखू यावी म्हणून. नवशिक्याच्या हाती मात्र केवळ वाकडेपणा येतो. त्यामागील कारण येत नाही.

राहुरी तालुक्यातील आमचे देवळाली प्रवरा हे गाव. नाशिकजवळच्या लष्करी देवळालीहून ते या उपपदामुळे वेगळे ओळखू येते. न्यूयॉर्कातील ही लाट येथवर कशी पोचावी, असे वाचकांस वाटेल. पण भ्रमणध्वनीच्या काचेतून हल्ली काय पोचत नाही? आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची वही आम्ही सहज उघडली, तो अर्थशास्त्राच्या टिपणांभोवतीचा सर्व समास फुगीर रोमी अक्षरांनी भरलेला. हात चांगला होता. आम्ही विचारले, “अरे, हेच आपल्या बाळबोध अक्षरांत का काढीत नाहीस?” तो म्हणाला, “सर, मराठीत ते जमत नाही. वरची रेघ आडवी येते.”

हे उत्तर आमच्या मनास लागून राहिले. कारण हा मुलगा कोणाचा? ज्यांनी तीस वर्षे या पंचक्रोशीतील भिंती रंगवल्या, त्या पेंटरांचा. खतांच्या, बियाण्यांच्या, सिमेंटच्या जाहिराती, शाळेवरची सुवचने, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचे आशीर्वाद, हे सर्व त्यांच्या कुंचल्यातून उतरले. पुढे संगणकावर छापलेले फ्लेक्सचे फलक आले, आणि गेल्या वीस वर्षांत हे काम त्यांच्या हातून वाळूसारखे निसटले. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा पाट्या बदलण्याचे काम निघेल अशी त्यांना आशा होती. त्यांच्या वाट्यास दोन पाट्या आल्या. बापाच्या बोटांत जी विद्या आहे ती मुलास ठाऊक नसावी, आणि त्याने आपल्या लिपीस अपंग समजावे, ही गोष्ट आम्हास एका मुलाच्या वहीपुरती वाटली नाही. आम्ही एका रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि मुलाचे वाक्य पेंटरांच्या कानी घातले. ते हसले. म्हणाले, “सर, ती रेघ आडवी नाही येत. तिलाच तर सगळी अक्षरं टांगलेली असतात.”

रोमी अक्षर तळरेषेवर उभे असते, आपले अक्षर शिरोरेषेखाली लोंबते. एवढा भेद ज्यास कळला, त्याचा अर्धा अभ्यास झाला. रोमी अक्षरांच्या पाठात नवशिक्यास वर व खाली अशा दोन रेघा मारण्यास सांगतात. बाळबोधीचे घर तिमजली असते. मधल्या मजल्यावर अक्षरे, माडीवर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, आणि तळघरात उकार. यांची जागा आधी आखून ठेवली नाही, तर ‘सुट्टी’सारख्या लहानशा शब्दातही वेलांटीचे डोके भिंतीबाहेर जाते आणि उकार पायाखाली चिरडतो. पेंटर निळीच्या भुकटीत घोळलेली दोरी भिंतीवर दोन टोकांस ताणून धरीत आणि मध्ये चिमटीने उचलून सोडीत. चुन्याच्या पांढऱ्या पृष्ठावर सरळ निळी रेघ उमटे. अशा चार रेघा मारल्याखेरीज त्यांनी कधी डबा उघडला नाही.

यापुढील क्रम त्यांनी मुलास आमच्यादेखत सांगितला, तो नवशिक्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. शब्द लहान घ्यावा, दोनतीन अक्षरांचा. प्रथम खडूने एकेरी रेघेत अक्षरांचा नुसता सांगाडा काढावा. या सांगाड्यांचे तीन घराणी-भेद आहेत. ‘प, म, व, स’ यांचा दंड उजव्या कडेस असतो; ‘क, फ’ यांचा मध्ये; आणि ‘ट, ठ, ड, द’ यांना पूर्ण दंडच नसतो, शिरोरेषेपासून आखूड देठाने ते लोंबतात. एकाच घराण्यातील अक्षरांचे दंड एका जाडीचे व एका कलाचे ठेवले, म्हणजे शब्द कितीही फुगवला तरी तो एका हातचा वाटतो. सांगाडा मनास पटला की त्याच्या दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर बाह्यरेषा काढावी, आणि मगच आतला खडू पुसावा. अक्षरे एकमेकांवर रेलवायची असल्यास मागच्याचा नगण्य भाग झाकावा, ओळख पटवणारा भाग झाकू नये. सावली सर्व अक्षरांची एकाच बाजूस आणि एकाच अंतरावर पडली पाहिजे; सूर्य एकच असतो. शेवटी दहा पावले मागे जाऊन डोळे किलकिले करावे. तेव्हा जे भोक किंवा जी गर्दी प्रथम नजरेत भरेल, तेथे चूक आहे असे समजावे.

आता त्या शिरोरेषेविषयी. ती रंगवण्यास कठीण आहे खरी, पण खेळ करण्यास तिच्यासारखी जागा दुसरी नाही. तिला छपरासारखी उतरती करता येते, दोरीसारखी ढिली सोडता येते, शब्दाच्या शेवटी झेंड्यासारखी फडकवता येते. मात्र एक पथ्य आहे. ‘घ’ आणि ‘ध’, तसेच ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद रेघेपाशी ठेवलेल्या एका लहानशा उघड्या जागेवर अवलंबून आहे. फुगवण्याच्या भरात ती जागा बुजली, की ‘धन’ जाऊन ‘घन’ येते. एका चौकात कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त लावलेल्या फलकावर हौशी हाताने ‘भाऊ’चे ‘माऊ’ केलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. गावाने त्यावर आठ दिवस करमणूक करून घेतली.

हे नियम पाश्चात्त्य चित्रशाळेतून आले असे कोणी समजू नये. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी सरळ चालाव्या, कडेस जागा सोडावी, आणि पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सर्व लेखन एकाच टाकाने झाल्यासारखे दिसावे, असा उपदेश त्यांनी सतराव्या शतकात केला. पानाची कड झडली तरी अक्षरास धक्का लागू नये, हा त्यांचा विचार भिंतीवर लिहिणाऱ्यासही तितकाच लागू पडतो. शिवाय बोरूचे तिरपे टोक असे कापतात की आपल्या अक्षरांतील जाड व बारीक भागांचा कल रोमीच्या उलट पडतो. रोमी नमुना समोर ठेवून बाळबोध काढणाऱ्याचे अक्षर परके दिसते, त्याचे एक कारण येथे आहे.

आणि ज्यास सहीसारखे झरझर, हात न उचलता लिहावयाचे असेल, त्याने मोडीकडे पाहावे. पूर्ण ओळभर शिरोरेषा आधी मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरे लावीत, शक्य तो लेखणी न उचलता धावायचे, ही मोडीची रीत. शेकडो वर्षे आमच्या दफ्तरांतील कारकुनांनी अशी वळणे घेतली आहेत. हा खजिना घरात असता नवशिक्याने केवळ रोमी फुग्यांवर भागवावे, याचे आम्हास नवल वाटते. जे जाणते होते त्यांनी तसे भागवले नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अशी रेखाटली की नाटकाची प्रकृती शीर्षकातच कळावी. र. कृ. जोशी यांनी आयुष्यभर भारतीय लिप्यांचा विचार केला, आणि संगणकावरील ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण त्यांच्या हातचे आहे. दिल्लीकडे ‘डाकू’ हे नाव घेऊन भिंतीवर लिहिणारा एक अज्ञात कलावंत आपली सही नागरीत करतो. वरची रेघ त्यांना आडवी आली नाही.

राहिला प्रश्न जागेचा. विनापरवानगी दुसऱ्याची भिंत रंगवणे यातच या कलेचा खरा थरार आहे, असे तिचे काही भक्त मानतात. आमचे मत तसे नाही. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा आहे, आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या प्राचीन वास्तूंसाठी १९५८ चा. पण कायदा बाजूस ठेवला तरी, गडावरील तटावर बदाम कोरून त्यात दोन नावे घालणाऱ्याचे अक्षर सुंदर असते असे आम्ही अद्याप पाहिले नाही. चोरून लिहिणाऱ्यास घाई असते, आणि सांगाडा शिकणाऱ्यास घाई परवडत नाही. गावात मालकाच्या संमतीने मिळणाऱ्या भिंती पुष्कळ आहेत. मागणाऱ्याने फक्त चांगले अक्षर दाखवावे लागते.

त्या मुलास पहिली भिंत मिळाली ती रस्त्यावरील एका भजीवाल्या मावशींची. गाड्यामागे विटांचा एक पडका कठडा होता; तो त्याने चुन्याने पांढरा करून घेतला. ‘गरम भजी’ एवढेच शब्द, पण त्यास चार संध्याकाळी लागल्या. अक्षरे पिवळी, तेलात टाकलेल्या भज्यांसारखी टम्म फुगलेली. शिरोरेषा एका टोकास वाफेसारखी वर गेलेली. सावली तांबडी आणि सर्व एका बाजूस. पाचव्या दिवशी पेंटर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले. मुलगा त्यांच्याकडे पाहत होता, आणि आम्ही दोघांकडे. अखेर ते म्हणाले, “भ चं तोंड उघडं ठेवलंस, बरं केलंस. ज चा दंड अजून सरळ पाहिजे.” मावशींना यातले काही कळले नाही. त्यांनी मुलाच्या हातावर तीनशे रुपये ठेवले, आम्हा तिघांस एकेक प्लेट भजी दिली, आणि शेजारच्या रसवंतीवाल्यासही असेच काढून हवे आहे, असे सांगितले.